भोंगा

तहसीलचं पत्र आलं बुधवारी:
येत्या मंगळवारी रात्री आठ ते साडेआठ
गाव अंधारात ठेवावे.
धांडे तलाठ्याने ते दोनदा वाचलं,
दुसऱ्यांदा वाचताना ओठ आवळले.
आठ ते दहा आमच्याकडे लाइन नसतेच.
मी कोतवाल. मला हसायला बंदी नाही.
पण एकोणीस माणसं मरून तेव्हा दहाच दिवस झाले होते.

त्यांतलं कोणीच आमचं नव्हतं.
एका बाईच्या मनगटाला पिशवी तशीच अडकलेली,
पिशवीत पाव किलो अक्रोड.
मी जन्मात अक्रोड फोडलेला नाही.
त्या रात्री भाकर थापता थापता हात थांबला तो थांबलाच,
तव्यावरची करपली.

मग टेम्पो आला. टेम्पोवर पुढारी, पुढाऱ्यावर हार,
मेलेल्यांचे फोटो खाली, चाकाजवळ.
वैशाख होता म्हणून चिखल उडाला नाही.
भाषण पाऊण तास. एकोणिसांतलं एकही नाव नाही.
मी मोजत होते. कोतवालाला सवय असते:
गुरं, मतदार, वीज पडून गेलेले.

पोरांनी टायर जाळलं,
आणि मग शेख गनीच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली.
काही केलं नाही. नुसती उभी राहिली.
गनीभाई आत बसून एकच नट
पुसत राहिला.

पत्रात सायरनही होता.
आमच्याकडे कुठला सायरन? बंद जिनिंगचा भोंगा,
बावीस वर्षं मुका, पोटात साळुंकीचं घरटं.
आणि तो खोलू जाणणारा गावात एकच फिटर.
सरपंचाने बोलवायला मलाच पाठवलं.

चश्मा दोरीने बांधून गनीभाई वर चढला.
घरटं दोन्ही हातांनी काढून माझ्या पदरात सोडलं.
"सायरन नोको म्हणू वं बाई, भोंगा हाय थो.
आठले वाजे, तं अर्धं गाव डबा घेऊन निंघे."
खालून पाना वर फेकत होती ती तीच पोरं.
एक म्हणाला, "चाचा, सांभाळून."
त्या शब्दाचं काय करायचं, मला अजून कळत नाही.

मंगळवारी सकाळी आठला चाचणी घेतली.
भोंगा आधी खोकला, गंज थुंकला,
मग असा ओरडला की कुत्री नाल्यापार गेली.
आणि बाया निघाल्या.
सिंधू मोहोड, रझिया, कमळा मेश्राम,
साठीच्या, सत्तरीच्या, सरकीच्या धुळीने छाती गेलेल्या,
पदर कमरेला, एकीच्या हातात खरंच डबा.
जिनच्या फाटकाशी येऊन उभ्या.
"सुरू झालं काय वं?" सिंधूकाकूनं विचारलं.
मी म्हटलं, नाही काकू. युद्ध आहे.
"अस्सं होय," ती म्हणाली,
आणि कुलूप एकदा हलवून पाहिलं.

रात्री आठला गाव रोजच्यासारखं अंधारात होतं.
मी अहवाल लिहिला: शंभर टक्के यश.

पुढे ते झालं. टीव्हीवर झालं, लाइन असेल तेव्हा दिसलं.
सीमेजवळच्या कुठल्याशा गावात
माझ्यासारख्याच कोणी कोतवालाने
सकाळी उठून किती मोजले असतील,
ते कोणी वाचून दाखवलं नाही.
अकराव्या दिवशी थांबलं. दोन्हीकडचे जिंकले.
टेम्पो परत आला. चाकाजवळची जागा धुतलेली,
वर एकच फोटो, पुढाऱ्याचाच.

एकाहत्तरला माझ्या बापाने इथंच डफडं वाजवून
दवंडी दिली होती: लढाई संपली, दिवे लावा.
त्याला तसं लेखी पत्र आलेलं. ट्रंकेत आहे.
मला अजून आलेलं नाही.

सिंधूकाकू सकाळची फाटकाशी येऊन बसते,
डबा उघडते, खाते, झाकण लावते.
मी तिथून जाते तेव्हा
ती भोंग्याकडे पाहते, मग माझ्याकडे.
मी चप्पल न वाजवता पुढे निघते.